खिडकीसमोरची ओळ

इशिताने सुरीने सालीचा तुकडा उचकटला. खाली भुंग्यांनी कोरलेल्या बारीक वाटा होत्या. घराच्या खिडकीसमोरच्या ओळीतल्या प्रत्येक डग्लस फरच्या झाडाला तेच झालं होतं.

"हिरवी आहेत की गं," मागून बाबा म्हणाले.

"दिसतायत हिरवी. दे आर डेड, बाबा."

फरचं हे असंच असतं. आतून मेलेलं झाड कितीतरी महिने हिरवं दिसत राहतं. खासगी रानं तपासायची आणि काय पाडायचं ते मालकाला सांगायचं, हे इशिताचं रोजचं काम. आज मालक तिचे वडील होते. रेडमंडच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत असताना बाबांनी गावाबाहेर ही जमीन घेतली होती, आणि लाकडासाठी लावलेलं रोपन् रोप आईच्या हातचं होतं. मग उन्हाळे तापू लागले. तहानलेल्या झाडाला राळ सुटत नाही, आणि राळ नसली की भुंग्याला आत शिरायला मोकळं रान मिळतं.

त्यातून बाबांनी गेल्याच्या गेल्या वर्षी वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके याच ओळीच्या बुंध्याशी रचले होते. नीट, वर ताडपत्री घालून. एवढं चांगलं लाकूड टाकून द्यायचा त्यांना धीर झाला नव्हता. भुंगे आधी वाढले ते त्या ओंडक्यांत.

"माझ्या ओंडक्यांमुळेच ना?"

"उन्हाळ्यांमुळे," ती म्हणाली. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तिच्याच्याने बोलवेना. "एप्रिलमध्ये भुंगे उडतील आणि शेजाऱ्यांची झाडं धरतील. याच आठवड्यात पाडायला हवीत."

बाबांनी घराकडे पाहिलं. खिडकीला लागून दवाखान्यातून आणलेला चाकांचा पलंग होता. उपचार थांबवून आईला, वैदेहीला, घरी आणलं होतं.

"थोडे दिवस थांब ना, बाळा. दिवसभर तिला बघायला दुसरं काय आहे?"

"हाउ लाँग?"

सवयीने तोंडातून निघून गेलं. मुदत मागणाऱ्या प्रत्येक मालकाला ती हेच विचारायची. बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ओंडक्यांवर बसून ते लहान मुलासारखे रडू लागले. इशिताला स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण बोललेलं काही मागे घेता येईना.

ती घरात आली तेव्हा आई जागी होती. खिडकी बोटभर उघडी होती.

"चाकांचे ब्रेक काढ," आई म्हणाली. "पलंग फिरव. माझं तोंड भिंतीकडे कर."

"आई, वी कॅन वेट. रिअली."

"भुंगे थांबणारेत का?"

इशिताने वाकून ब्रेक काढले. पलंग जड नव्हता. आई त्यात नसल्यासारखाच तो वळला. भिंत समोर आल्यावर वैदेहीने डोळे मिटून घेतले. जरा वेळाने तिने इशिताचा हात चाचपडून धरला.

"बाबांनी विचारलं तर सांग, डोळ्यांवर ऊन येत होतं."

बाहेर आठवडाभरापासून पावसाची झड लागली होती.