शेवटच्या गाण्याचे शब्द

शूगेझ म्हणजे धूसर, गोंगाटी रॉक वाजवणाऱ्या आपल्या बँडच्या पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं भावाने बहिणीकडून दिवसभर पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं. "शब्द काहीही चालतील, ताई. ऐकू कुणाला येणार आहेत?" असं म्हणत त्याने तिचा आवाज गिटारींच्या गोंगाटाखाली पार गाडून टाकला.

तेव्हा त्या अल्बमकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वीस वर्षांनी मात्र तरुणांनी तो डोक्यावर घेतला. एका पत्रकाराने त्या गाण्याचे शब्द विचारले, तेव्हा भावाने कित्येक वर्षांनी बहिणीला फोन लावला.

"तू त्यात नक्की काय म्हणत होतीस?"

"आई दवाखान्यात वाट बघतेय, मला जाऊ दे. दुसरं काय म्हणणार होते?"

त्याने फोन ठेवला. मग त्याने पत्रकाराला कळवलं, "ते शब्द आम्ही मुद्दामच अस्पष्ट ठेवलेत."