खो-खोची कप्तान

शाळेत खेळ निवडायचा होता, तेव्हा मी खो-खो निवडला. पण कप्तान झाली भिवरा. ऊसतोड मजुरांची ती पोर माझ्यापेक्षा जोरात पळायची, ते मला बघवत नव्हतं. दुष्काळामुळं त्या वर्षी तिचे आईबाप तिलाही घेऊन कारखान्याला निघाले. सरांनी माझ्याकडं अर्ज दिला. "तुझे आबा सोसायटीचे चेअरमन हायेत. त्यांची शिफारशीची सही आण, म्हणजे भिवरा वसतिगृहात राहील." मी तो आबांना दाखवलाच नाही. "आबा न्हाई म्हणले," असं सरांना सांगितलं. सरांनी मला कप्तान केलं. तिसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर असताना ऊसतोड्यांचा ट्रॅक्टर शाळेसमोरून चालला. बोचक्यांवर बसलेली भिवरा मला पाहून उभी राहिली आणि ओरडली, "सत्यभामे, खांबापाशी वाकून वळत जा! तू ताठ वळतीस, म्हणून बाद होतीस!" तिचं खरं होतं. तेव्हासुद्धा मला तिचा हेवाच वाटला.