काहिलीचं कुलूप

पूर ओसरला त्या दिवशी झुंबर बारामतीहून निरवांगीला परतला आणि घरी न जाता थेट नदीकाठच्या आपल्या गुऱ्हाळावर गेला. आजूबाजूची गुऱ्हाळं नीरेनं धुऊन नेली होती. त्याची गुळाची मोठी लोखंडी काहील मात्र चुलवणावर जागच्या जागी होती.

तीस सालच्या पुरात ती होडीसारखी तरंगत पार नरसिंगपूरला गेली होती आणि रस उकळायला काहीच नसल्यानं सबंध हंगाम बुडाला होता. म्हणून यंदा त्यानं तिच्या कड्यांत साखळी ओवून ती दगडी खांबाला बांधली होती आणि वर कुलूप घातलं होतं.

"तिला कशाला बेडी घालताय? ती काय माहेराला पळतीय व्हय?" असं म्हणत त्याची बायको द्वारका हसली होती. किल्ली तेव्हापासून त्याच्या करदोड्याला होती.

"काहील वाचली, तात्या," शेजारचा कुंडलिक खालच्या आवाजात म्हणाला. "पर द्वारकाकाकी न्हाय वाचली."

"कशी?" झुंबरनं विचारलं.

"बैलं सोडायला आली हुती. बैलं पोहून निघाली, तिला पाण्यानं घेरलं. आमी माळावरनं वरडत हुतो, काहिलीत बस, काहिलीत बस. बसली बी."

"मग?"

"पाणी चढत गेलं, तात्या. काहील उठलीच न्हाय."

&nbsp;

हंगाम सुरू झाला, गुऱ्हाळाच्या दारात ऊस येऊन पडला. तेवढं कुलूप काढायचं राहिलं आहे.