खाचेतला दाणा

दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या, ताई." तेव्हाच ठरवलं, जुन्या कॉम्प्युटरमध्ये रॅमची जादा पट्टी मीच बसवणार. तो सारखा अडकतो म्हणून प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम हातचं जाऊ देणार नव्हते. झाकण उघडताच सासूबाई ओरडल्या, "लक्ष्मी शे ती! तिनं पोट नको फाडू!" दर दसऱ्याला त्या कॉम्प्युटरची पूजा करत. मी पट्टी खाचेत दाबली. बसेना. पुन्हा दाबली. बसेना. "ऱ्हाऊ दे, कोकिळा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याच हातात टॉर्च दिला. खाचेत तांदळाचा दाणा होता, झाकणाच्या जाळीतून पडलेली त्यांचीच अक्षता. चिमट्यानं काढला, दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. कट्ट! सुरू करताच प्रश्नपत्रिका झटक्यात उघडली. सासूबाई करंडा घेऊन आल्या. पुन्हा अक्षता? मी कॉम्प्युटरपुढे हात आडवे धरले. त्यांनी माझ्याच कपाळाला कुंकू लावलं आणि तोच दाणा त्यावर चिकटवला.