पौर्णिमाचे बाबा काय करायचे

स्पॅनिशच्या ऑनलाइन क्लासमध्ये आज 'पूर्वी नेहमी व्हायचं' असं सांगणारा काळ चालला होता. मॅडमनी सगळ्यांना एकच काम दिलं : तुम्ही लहान असताना तुमचे वडील काय करायचे, ते सांगा. कुणाचे वडील कॉलेजात शिकवायचे, कुणाचे विमानं दुरुस्त करायचे. मग पौर्णिमाची पाळी आली.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला होता. मागे खाटेवर तिचे बाबा, डोमाजी, लसूण सोलत बसले होते. डोमाजी दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत लुगडं नेसून, बाई होऊन नाचायचे. त्यांना बघायला राजेगावहून माणसं बैलगाड्या जुंपून यायची. 'नाचायचे'ला स्पॅनिश शब्द होता बाइलाबा. पौर्णिमानं तो घोकून ठेवला होता, अगदी जिभेवर होता.

"मि पापा त्राबाहाबा एन उन बांको," ती म्हणाली. माझे बाबा बँकेत काम करायचे.

मॅडम खूश झाल्या. पौर्णिमानं माइक बंद केला. तिचे कान तापले होते.

"पापा म्हटलं ना तू?" मागून डोमाजींनी विचारलं. "काय सांगतलं माह्याबद्दल?"

"तुमी मंडईत नाचत होते म्हून." एकदा थाप मारली की दुसरीला कष्ट पडत नाहीत.

डोमाजींचा हात थांबला. "लाज नाही वाटली तुले?"

"लाज काहून वाटन, बाबा?" ती म्हणाली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा उठून आत गेला. बाहेर आला तो बायकोचं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन, कमरेवर हात ठेवून. चेहरा नुसता फुलला होता. "हट जराशी. त्यायले एक गिरकी दाखवतो."

पौर्णिमानं झटक्यात मोबाइल पालथा घातला. "नेट गेलं, बाबा."

"जाऊ दे. आलं का सांग. मी थांबतो."

पालथ्या मोबाइलमधून मॅडमचा आवाज खणखणीत आला. "पौर्णिमा, अभी पीछे मम्मी थीं ना? और बैंकवाले पापा कहाँ हैं? बुलाइए, नमस्ते कर लें."

पौर्णिमाला मान वर करवेना.

डोमाजींनी पदर आणखी पुढे ओढून घेतला, पार नाकापर्यंत.

"सांग ना त्यायले," ते पदराआडून हळूच म्हणाले, "बाबा बँकेत गेले म्हून."