सीलबंद नोंदी

दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदींना कायद्याचं सील होतं. जन्मदात्या आईचं नाव खुद्द त्या मुलांनाही बघता येत नसे. तरी अभिलेख कार्यालयात यंत्र बदललं, की मोठ्या मॅडम सगळ्यात आधी त्याच नोंदी न उघडता नव्या यंत्रात उतरवून घ्यायच्या. टेपवरून फ्लॉपीवर, फ्लॉपीवरून डिस्कवर, डिस्कवरून सर्व्हरवर.

हाताखालच्या क्लार्कचं बाळ घरी तिची वाट बघत असायचं. ती एकदा वैतागलीच. "मॅडम, ज्या कुणी उघडायच्याच नाहीत, त्या वाहायच्या कशाला? हमाल झालोय आपण नुसते!"

"उघडायला बंदी आहे गं. जपायला कोण नको म्हणालंय?"

परवा कायदा बदलला. आज खिडकीबाहेर रांग लागली, आणि एकही नोंद खराब निघाली नाही. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ आईचं नाव वाचून लहान मुलासारखे रडले, तेव्हा क्लार्कची मान अभिमानाने ताठ झाली आणि डोळे भरून आले. हे मॅडमनी बघायलाच हवं, म्हणून ती त्यांच्या खोलीकडे धावली, पण त्या खुर्चीत नव्हत्या. परत येऊन तिने "पुढचे या" म्हटलं, तर खिडकीसमोर अर्ज घेऊन मॅडमच उभ्या.

"अहो मॅडम, तुम्ही रांगेत? पासवर्ड तर इतकी वर्षं तुमच्याकडेच होता!"

"होता ना. पण परवानगी आज मिळाली. शोध बाई आता, काय नाव होतं माझ्या आईचं?"