आजोबांचे कान

आजीने शिलाई मशीनचं फिरतं चाक तळव्याने थांबवलं आणि म्हणाली, "मग लग्न नाही."

दादा गप्प. दादाची होणारी बायकोही गप्प. धाकटी तिला आतापासूनच वहिनी म्हणायची. पण वहिनीचं गप्प वेगळं होतं, झाकण लावलेल्या कुकरसारखं.

"का नाही?" धाकटीने विचारलं. तिचं मत कुणी मागितलं नव्हतं. मागायची वाट बघत बसलं तर या घरात दात पडतील, हे तिला नुकतंच कळलं होतं.

"कारण लग्न करून या घरात आलेल्या प्रत्येक माणसानं हेच आडनाव लावलंय. बाहेर बोर्डावर आहे ते."

"प्रत्येक बाईनं म्हण."

"मी म्हणाले तेच म्हणाले."

पुढे मशीन दुरुस्तीचं दुकान, मागे घर. दुकान पणजोबांनी काढलेलं. गल्ल्याच्या वर त्यांचा फोटो होता. टोकदार नाक आणि त्या नाकाच्या शेंड्यावरून सगळ्या जगाकडे बघणं. फोटोखाली बसून आजीही त्याच नाकावरून तशीच बघायची.

"वहिनी कानाच्या दवाखान्यात तपासणी करते," धाकटी म्हणाली. "तिच्या खोलीच्या दारावर तिचं नाव आहे. रात्ररात्र अभ्यास करून मिळवलंय तिनं ते. आणि आता म्हणे खोडा. का? तर दादाशी लग्न केलं म्हणून. दादाकडे बघ तरी एकदा."

"मला कशाला मध्ये घेतेस?" दादा म्हणाला.

"तू मध्येच आहेस, बावळटा. लग्न तुझं आहे." ती आजीकडे वळली. "एवढंच असेल तर दादालाच सांग तिचं आडनाव लावायला."

आजीने चाकावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "त्याला झेपायचं नाही ते."

"आणि तिला झेपेल?"

कोपऱ्यात आजोबांच्या हातातला पेचकस घसरून खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"आजोबा, तुम्ही तरी बोला," धाकटी ओरडून म्हणाली. आजोबांशी सगळेच ओरडून बोलत.

आजोबांनी मान वर केली. "आत तुझी आई शिवतेय ना, तिला सांग, खालचा दोरा सैल झालाय. टाका सुटतोय."

भिंतीपलीकडचं मशीन बहिऱ्या माणसाला कसं कळतं, कुणास ठाऊक. बोटांना कळत असेल. धाकटीचा मात्र संताप संताप झाला. घराला आग लागलीय आणि यांना दोरा सुचतोय. आत जाऊन बघितलं तर दोरा खरंच सैल होता. आईने तो मुकाट्याने आवळला. लग्नात आडनाव बदललं, तेव्हाच आईने या घरात वाद घालणं सोडलं होतं. धाकटीला तिचाही राग आला, मग त्या रागाची लाज वाटली, मग पुन्हा आजीचाच राग आला. तो सोयीचा होता.

आजोबांच्या बहिरेपणाचं आता हसू होऊ लागलं होतं. गिऱ्हाइकं दारातून आडनावाने हाका मारायची आणि कंटाळून निघून जायची. गेल्या आठवड्यात बँकेत पुकारा झाला, पुन्हा झाला, सगळ्या बँकेने ऐकला. आजोबा बाकावर ढिम्म. शेवटी आजीच म्हणाली, "त्या पोरीच्या दवाखान्यात दाखवून आणू."

"म्हणजे तिचं नाव नको, पण तिचं शिक्षण चालतं," धाकटी म्हणाली.

"तूही चल. तोंड घरी ठेवून."

तोंड अर्थातच बरोबर गेलं.

दवाखान्यात गर्दी होती. दारातल्या बाईने आडनाव पुकारलं. मग मोठ्याने पुकारलं. मग इतक्या मोठ्याने, की झोपलेलं एक बाळ रडायला लागलं. आजोबा भिंतीवरचं कानाचं चित्र बघत राहिले. आजीने कोपराने ढोसलं, तेव्हा ते उठले.

"कधीपासून आहे हे?" वहिनीने आत विचारलं.

"लग्न झालं तेव्हापासून. हाक मारली की दगड. त्याआधी चांगले होते."

"सगळ्याच नवऱ्यांचं तसं होतं," धाकटी म्हणाली. वहिनी हसली नाही. तिने आजोबांकडे नीट बघितलं.

मग तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं. आवाज आला की बोट वर करायचं. आजोबांचं बोट वर गेलं. पुन्हा गेलं. जातच राहिलं. मग वहिनीने यंत्र बंद केलं, आत जाऊन त्यांच्यासमोर बसली आणि काहीतरी विचारलं. काचेबाहेर शब्द येत नव्हते. आजोबा आधी नुसतेच हसले. मग बोलायला लागले. वर्षभरात धाकटीने त्यांना इतकं बोलताना बघितलं नव्हतं.

बाहेर येऊन वहिनी म्हणाली, "कान ठणठणीत आहेत, आजी."

"मग तुझं यंत्र बिघडलंय. मघाशी एवढा पुकारा झाला, तो काय भिंतींसाठी होता?"

"बरं. पुन्हा पुकारू."

तिने आजोबांना लांबच्या बाकावर बसवलं, पाठ करून. मधे माणसं बोलत होती, डोक्यावर पंखा खडखडत होता, बाळ अजून रडत होतं. वहिनी दारात उभी राहिली. ओरडली नाही. जेवताना मीठ मागावं, तेवढ्याच आवाजात तिने एक आडनाव उच्चारलं.

बोर्डावरचं नव्हतं ते. धाकटीने घरात ते कधीच ऐकलं नव्हतं. आजीने मात्र तिचं मनगट गच्च धरलं.

लांबच्या बाकावरून आजोबा ताडकन उठले, वर्गातल्या पोरासारखे ताठ.

"हजर," ते म्हणाले.